पाळी सुटायच्या आधीचा घाणा

नगरहून मनमाड रस्त्याने निघालं की सावेडी मागे पडते, सीनेवरचा पूल लागतो आणि नागापूर सुरू होतं. शिर्डीला निघालेल्या माणसाला इथे थांबायचं काही कारण नसतं. दोन्ही अंगांना कारखान्यांची कुंपणं, वजनकाटे, टायरची दुकानं, माल भरायला उभे असलेले ट्रक. पण राहुरी, नेवासे, पारनेर, पाथर्डी अशा तालुक्यांतल्या कितीतरी घरांची चूल या पट्ट्यावर पेटते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं ते उद्योग राज्यभर पसरावेत म्हणून. पावसाचा भरवसा नसलेल्या आमच्या भागात त्याचा अर्थ सरळ होता. शेतीवर भागत नसेल तर पोराने आयटीआय करावं आणि एमआयडीसीत चिकटावं. मीही तसाच चिकटलो. एल अँड टी, क्रॉम्प्टन, एक्साइड ही मोठी नावं नगरात सगळ्यांना ठाऊक असतात. मी मात्र मागच्या गल्लीतल्या एका छोट्या शेडमध्ये हीट ट्रीटमेंटच्या कामाला लागलो आणि नोकरीतली सगळी वर्षं भट्टीसमोर काढली.

या कामातलं जे मला कळलं त्यातलं बरंचसं पक्कं झालं ते शेडपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या हॉटेलात, वडापाव खाताना. वडापाववर लिहिणारे बहुतेक जण चवीवर लिहितात. कोणाची चटणी झणझणीत, कोणाचा वडा मोठा, कोणाच्या मसाल्यात काय गुपित आहे. मला वेळेबद्दल लिहायचं आहे. वडापाव हा कामगाराच्या पाळीवर बेतलेला पदार्थ आहे आणि जे हॉटेल ती पाळी ओळखून चालतं तिथेच तो खऱ्या रूपात मिळतो, असं माझं इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरचं ठाम मत आहे.

हॉटेल पत्र्याचं. दर्शनी ओटा, ओट्यावर कढई, शेजारी चहाची शेगडी. आत कडप्प्याची टेबलं, लांब बाकडी, भिंतीवर साईबाबांची तसबीर आणि तिच्याखाली गल्ला. बाहेर पाटी आहे, पण त्या नावाने हॉटेलाला कोणी ओळखत नाही. सगळ्यांच्या तोंडी ‘मामाचं हॉटेल’. सकाळी पोहे, मग दिवसभर वडापाव, भजी, मिसळ, वडा-रस्सा आणि चहा. एवढ्यावर ते चालत आलं आहे. कढईवर मामा, भाजी आणि चटणी मामींकडे, आणि चहाची किटली घेऊन शेडशेडला फिरायला घरातलंच एखादं माणूस. मी लागलो तेव्हा मामांच्या मिशा काळ्या होत्या. आता कढईवर त्यांचा मुलगा असतो आणि मामा गल्ल्यावर बसून तेलाच्या आवाजाकडे कान ठेवून असतात.

तिथलं काम पहाटे सुरू होतं आणि ते बटाट्यापासून सुरू होतं. आमच्याकडे कांदा मुबलक. नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांचे डोंगर लागतात. बटाटा मात्र बाहेरून येतो. हंगामात पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठाराकडचा, एरवी उत्तरेतला, शीतगृहातून काढलेला. थंडीत फार दिवस राहिलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. असा बटाटा गोडसर लागतो आणि त्याची भाजी मिरचीला जुमानत नाही. म्हणून नवी गोणी उघडली की मामी आधी दोन बटाटे उकडून चाखायच्या. पसंत पडले तरच त्या गोणीची भाजी व्हायची. बटाटे सालासकट उकडायचे, म्हणजे पाणी पीत नाहीत. गरम असतानाच सोलायचे आणि हाताने मोडायचे, पण लगदा होऊ द्यायचा नाही, मधूनमधून फोड लागली पाहिजे. हिरवी मिरची, लसूण आणि आलं जाडसर वाटून घ्यायचं. मोहरी, हिंग आणि हळदीची फोडणी, वरून मूठभर कोथिंबीर. मग ही भाजी परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायची. भाजीत वाफ राहिली तर वडा तेलात फुटतो. गोळे वळले की तळहाताने किंचित दाबायचे, म्हणजे पावात वडा नीट बसतो आणि पहिल्या घासाला बाहेर येत नाही.

बेसनात मीठ, हळद, ओवा आणि कडकडीत तेलाचं चमचाभर मोहन. पीठ किती पातळ, हे मामा बोटाने सांगतात. बोट बुडवून वर काढलं की पिठाचा थर बोटावर टिकला पाहिजे आणि टोकाशी एक थेंब थांबला पाहिजे. तेल तापलं की नाही हे बघायला त्याच पिठाचा थेंब कढईत सोडायचा. थेंब तळाला टेकून लगेच वर आला तर घाणा सोडायचा. तळाशी रेंगाळला तर थांबायचं. थर्मामीटर लावला तर तो १७० ते १८० अंशांच्या आसपास दाखवेल. भट्टीच्या कामात आल्यावर मी हे आकडे शिकलो, मामा ते न शिकता पाळत होते. एका घाण्यात किती वडे सोडायचे यालाही त्यांची मर्यादा होती. गिऱ्हाईक कितीही दाटलं तरी कढई भरायची नाही, कारण एकदम जास्त वडे पडले की तेल गार होतं आणि वडे तेल पितात. तळताना पिठाचे जे बारके थेंब सुटतात, त्यांचा कुरकुरीत चुरा झाऱ्याने काढून ठेवायचा. लसूण, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि लाल तिखटाच्या कोरड्या चटणीत तो मिसळला की चटणीला दाताखाली येणारा खुसखुशीतपणा मिळतो. मामांकडे गोड चटणी नव्हती आणि आजही नाही.

पाव पहाटे यायचा. बेकरीचा माणूस एम-८०वर दोन्ही बाजूंना पोती बांधून यायचा आणि लाद्या ओट्यावर उतरवायचा. लादीतले पाव एकमेकांना चिकटून भाजले जातात. त्यामुळे वरचा भाग तेवढा तांबूस होतो आणि बाजू मऊ, पांढऱ्या राहतात. चटणी धरायला हीच मऊ बाजू लागते. मामा पाव आधी कापून ठेवत नसत. कापलेला पाव वाऱ्याने सुकतो. वडा कढईतून निघाला, झाऱ्यात निथळला, की मगच लादीतून एक पाव तोडायचा, सुरीने पोटात चीर द्यायची, आत चटणी दाबायची, वडा ठेवायचा आणि वरून हाताने एकदाच हलकं दाबायचं. त्या दाबाने वड्याचं कवच थोडं तडकतं आणि आतली वाफ पावात शिरते. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची आणि कांद्याच्या दोन चकत्या.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो आमच्या शेडमधल्या जुन्या ऑपरेटरबरोबर. त्यांना सगळे दादा म्हणायचे. तीनला पहिली पाळी सुटली होती. भट्टीसमोर आठ तास उभं राहिल्यावर भूक लागते तशी अंगातलं मीठही गेलेलं असतं. सकाळचा डबा कधीच जिरलेला. घरी पोचायला पुढे एसटीचा प्रवास. अशा वेळी समोर आलेल्या त्या वडापावाचा पहिला घास मला नीट आठवतो. आधी कवचाचा कुरकुर आवाज, मग मिरचीचा ठसका, मग बटाट्याचा मऊपणा आणि शेवटी पावाचा किंचित आंबूस गोडवा. चारही गोष्टी वेगवेगळ्या कळल्या आणि एकत्रही. वर मीठ लावलेली मिरची. दादा म्हणाले, “आज तू खरा एमआयडीसीचा झालास.” मी दुसरा मागितला. ओट्यावर ताटात काही वडे होते, पण मामांनी त्यांना हात लावला नाही.

“थांब जरा. हे मघाचे हायेत. नवा घाणा येतोय.”

मी म्हणालो, “मामा, एसटी चुकंल. द्या यातलाच.”

“एसटी दुसरी येईल. दोन मिनिटं लागतील. गरम खा.”

मघाचे वडे वाया जात नसत. ते रश्श्यात जायचे. तर्रीत भिजलेला वडा पावाबरोबर खायचा, तो वडा-रस्सा. रश्श्याला मऊ झालेला वडा चालतो, किंबहुना तोच बरा लागतो. पावात मात्र कढईतून नुकताच निघालेला वडाच जाणार, हा मामांचा नेम. गर्दी कितीही असो, ओळखीचा असो वा अनोळखी, त्यांनी तो मोडलेला मी पाहिला नाही.

हा नेम पाळायचा तर वडे तयार असण्याची आणि माणसं येण्याची वेळ जुळली पाहिजे. मामांचं खरं कसब मला इथे दिसतं. एमआयडीसीत पाळ्या सातला, तीनला आणि अकराला बदलतात, पण सगळीकडे तंतोतंत नाही. कुठे साडेसहाला सुटतात, कुठे सव्वातीनला. कुठल्या कंपनीची बस कधी निघते, कुठे आज ओव्हरटाइम आहे, कुठे मशीन बंद पडलं म्हणून माणसं लवकर सोडली, कोणाची सुट्टी कुठल्या वारी, हे सगळं चहाची किटली घेऊन फिरणारं माणूस सांगत यायचं आणि मामा त्याप्रमाणे गॅस लहान-मोठा करायचे. पाळी सुटायला पाच-सात मिनिटं असताना पहिला घाणा तेलात पडायचा. फाटकातून माणसं बाहेर येऊन रस्ता ओलांडेपर्यंत वडे झाऱ्यात निथळत असायचे. पगाराच्या दिवशी परात मोठी. महिनाअखेरीला वडे कमी आणि चहा जास्त. त्या दिवसांत वहीत नाव लिहून खाणाऱ्यांकडे मामा कधी वाकड्या नजरेने बघत नसत.

हे सगळं मला इतकं भिडायचं कारण माझं स्वतःचं काम. हीट ट्रीटमेंट म्हणजे पोलादाला हवा तसा कठीणपणा देणं. गिअर, शाफ्ट, पिन असे तयार झालेले जॉब आमच्याकडे येतात. मध्यम कार्बनचं पोलाद साडेआठशे अंशांच्या आसपास तापवायचं, ती उष्णता जॉबच्या गाभ्यापर्यंत पोचेल इतका वेळ भट्टीत धरायचं आणि मग तेलात बुडवायचं. भट्टीचं दार उघडल्यापासून जॉब तेलात जाईपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्यात सगळं ठरतं. उशीर झाला तर पोलाद हवेतच गार होऊ लागतं, आतली रचना आपल्याला हवी ती बनत नाही आणि कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर सुई खालीच थांबते. जॉब दिसायला अगदी तसाच असतो. रंग, आकार, वजन सगळं जागेवर, फक्त ताकद गेलेली. तेलातून काढलेला जॉब तसाच ठेवूनही चालत नाही. तो कठीण असतो पण ठिसूळही असतो, म्हणून लगेच पुन्हा कमी तापमानाला तापवून त्याचा ताण काढावा लागतो. या टेम्परिंगला दिरंगाई झाली तर उभ्या जागी तडा जाऊ शकतो.

दादा मला हे शब्दांत सांगत होते. मामांच्या ओट्यावर ते मला हातात धरता आलं. वड्याचं पीठ तेलात पडलं की त्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर झेपावतं. ते बुडबुडे म्हणजे हीच वाफ, आणि ती जोरात बाहेर येत असेपर्यंत तेल आत शिरू शकत नाही. तेल आत शिरतं ते जास्त करून वडा बाहेर काढल्यावर. वरचा भाग गार होऊ लागला, वाफेचा जोर ओसरला, की पृष्ठभागावरचं तेल कवचात ओढलं जातं. म्हणून झारा कढईच्या वरच धरून, गरम असतानाच तेल झटकून टाकायचं. मग दुसरी गोष्ट सुरू होते. बटाट्यातला ओलावा आतून कवचाकडे येऊ लागतो आणि कुरकुरीतपणा मिनिटामिनिटाने कमी होत जातो. वडा तोच, मसाला तोच, पण दहा-पंधरा मिनिटांनी तो दुसराच पदार्थ झालेला असतो. मामा ‘गरम खा’ म्हणायचे त्यात आग्रह होता, तसं आपल्या कामाचं पुरतं ज्ञानही होतं.

वडापाव जन्माला आला तोही पाळीच्याच गरजेतून. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, ही कहाणी सर्वत्र सांगितली जाते. त्यांच्या गाडीसमोरून परळ, लालबाग, वरळीच्या गिरण्यांत जाणारा-येणारा कामगार वाहत होता. त्याला बसून जेवायला वेळ नव्हता आणि खिशात फार पैसे नव्हते. एका हातात धरून चालता चालता खाता येईल, पोटाला आधार होईल आणि ताटवाटीची गरज लागणार नाही, असं काहीतरी त्याला हवं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि लाखो घरं उघड्यावर आली. त्यानंतर अनेक गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वडापावच्या गाड्या लावून संसार तगवले. ज्यांनी वर्षानुवर्षं पाळीवर जाताना तो खाल्ला, त्यांच्यावरच तो विकायची वेळ आली. त्या माणसांनी हा पदार्थ आपल्याबरोबर गावोगावी नेला. नगर जिल्ह्यातूनही पोटासाठी मुंबईला गेलेले कितीतरी होते. एमआयडीसी वाढली तशी इथेही पाळी आली, भोंगा आला आणि त्यामागोमाग वडापावही आला.

वडापावातल्या वस्तू पाहिल्या तर बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आलेली. शेंगदाणाही तिकडचाच. पावाची रीत पोर्तुगीजांनी गोव्यात आणली. बेसन, हळद आणि हिंगाची फोडणी तेवढी आपली. आपल्या माणसांनी हे सगळं एका मुठीत मावेल असं बसवलं. पावाचे इतर भाऊबंदही आपापल्या गावच्या पोटाला धरून घडले आहेत. कोल्हापूरकर वडा आणि मिसळ स्लाइस ब्रेडबरोबर खातो. गोव्यात पावात चोरीस भरतात. कच्छच्या मांडवीतून दाबेली निघाली आणि महाराष्ट्रभर पसरली. यातल्या कशाची कशाशी तुलना करून एकाला वरचढ ठरवण्यात मला रस नाही. ज्या गावात जे मिळतं ते त्या गावच्या वेळेला खावं.

कामगाराच्या गरजेतून पदार्थ घडण्याचा हाच प्रकार सातासमुद्रापार घडलेला वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल रीनो नावाचं रेल्वेचं गाव आहे. तिथला कांद्याचा बर्गर प्रसिद्ध आहे. १९२० च्या दशकात, रेल्वे कामगारांच्या संपानंतरच्या तंगीत, मांस महाग आणि कांदा स्वस्त होता. तिथल्या साध्या खाणावळीतल्या लोकांनी मांसाच्या थोड्याशा गोळ्यावर पातळ चिरलेल्या कांद्याचा ढीग ठेवला, तव्यावर उलथन्याने दाबला आणि कांदा मांसात भाजून एकजीव केला. कमी मांसात मोठा बर्गर झाला आणि कामगाराचं पोट भरलं. तंगी संपली, पण तो बर्गर राहिला, कारण तो चवीला उत्तम होता आणि गावाने आपला मानला होता. आजही तिथल्या जुन्या दुकानांत काउंटरपलीकडे तवा समोर असतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कांदा दाबला जातो. दादर काय, नागापूर काय, एल रीनो काय, कष्टकऱ्याच्या खिशाचा आणि वेळेचा विचार करणाऱ्या माणसाने समोर उभं राहून रांधलं, की त्यातून टिकाऊ पदार्थ तयार होतो.

नागापूरही बदललं. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं आणि बटाट्याची टिक्की घातलेला बर्गर शहरांत रुळला. पुढे वडापावच्याही साखळ्या निघाल्या. आता नगरातही बर्गरची चकचकीत दुकानं आहेत आणि आमच्या शेडमधली नवी पोरं सुट्टीच्या दिवशी तिथे जातात. त्यात वाईट काही नाही. मामांच्या हॉटेलातही चांगले बदल झाले. पूर्वी वडापाव वर्तमानपत्राच्या कागदात मिळायचा. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध बजावलं आणि मामांच्या मुलाने कोरा कागद आणला. तळणीचं तेल कुठवर वापरायचं यावरही १ जुलै २०१८ पासून नियम आहे. वारंवार तापवल्याने तेलात जी ध्रुवीय संयुगं साठतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं की ते तेल टाकून द्यायचं. आमच्या क्वेंचिंगच्या, म्हणजे तापलेला जॉब बुडवायच्या टाकीतलं तेलही असंच म्हातारं होतं. दाट होतं, गाळ धरतं, जॉब नीट गार करत नाही. त्यामुळे मामा रोज रात्री तेल गाळायचे आणि काळपट झालं की सरळ काढून टाकायचे, यामागची समज मला नियम यायच्या आधीपासून पटत होती.

ज्या बदलाची मला काळजी वाटते तो वेगळा आहे. पाळ्यांचं गणित मोडत चाललं आहे. कायम कामगार कमी झाले, कंत्राटी वाढले. आठ तासांच्या जागी बारा तास थांबणारी पोरं मी रोज पाहतो. ती सुटतात तेव्हा भोंगा नसतो, सोबत कोणी नसतं. एकेकटी बाहेर पडतात, मोटारसायकलला किक मारतात आणि निघून जातात. पूर्वी तीनला बाकडी भरायची. तिथे कोणाच्या मुलीचं लग्न ठरायचं, कोणाच्या विहिरीला पाणी लागल्याचं कळायचं, युनियनच्या मागण्यांवर वाद व्हायचा, नव्या पोराला कुठे जागा आहे हे सांगितलं जायचं. वडापाव खायला लागणाऱ्या त्या थोड्या वेळात माणसं एकमेकांची व्हायची. एकेक करून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी घाणा सोडणं अवघड असतं. दोन वड्यांसाठी कढई तापवता येत नाही, आणि मग आधीच तळून ठेवायचा मोह होतो. माणसांना एकत्र विसावा मिळणं बंद झालं तर असली हॉटेलं पाककृती जपूनही टिकणार नाहीत. म्हणून मला वाटतं, या पदार्थाला जपायचं असेल तर कामगाराच्या विसाव्याची वेळ जपली पाहिजे. आठ तासांचं काम आणि त्यानंतरची मोकळीक ही मागच्या पिढ्यांनी झगडून मिळवलेली गोष्ट आहे. ती हळूहळू हातातून सुटू देणं बरोबर नाही, असं मी आमच्या शेडमध्येही स्पष्ट बोलतो.

मामांच्या मुलाने यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. त्याने कढई लहान केली आणि घाणे वाढवले. आसपासच्या शेडमधले लोक फोन करतात, ‘आम्ही चौघं येतोय’, आणि तो तेवढेच वडे सोडतो. मघाचे वडे आजही रश्श्यातच जातात. गल्ल्यावरून मामा लक्ष ठेवून असतात. बुडबुड्यांचा आवाज बदलला की मान वर न करता म्हणतात, “काढ आता.” मुलगा झारा घालतो. त्या आवाजात वाफेचा जोर ओसरल्याची खूण असते. माझ्या कानाला ती आता कळते. त्यांच्या कानाला ती किती आधीपासून कळत असेल, याचा विचार केला की आदर वाढतो.

आमच्याकडे आयटीआयमधून शिकाऊ पोरं येतात. त्यांना तापमान, वेळ, पोलादाच्या जाती हे सगळं पुस्तकात असतं आणि ते हुशारही असतात. पण ठरलेल्या क्षणी हात हलला पाहिजे, त्याआधी सगळी तयारी हवी आणि त्यानंतर चालढकल नको, ही गोष्ट वाचून अंगात उतरत नाही. मी त्यांना पहिल्या आठवड्यातच मामांच्या हॉटेलात नेतो आणि कढईजवळ उभं करतो. पीठ तयार, गोळे तयार, पाव आलेले, चटणी हाताशी, आणि मगच गॅस मोठा. भट्टीचं दार उघडायच्या आधी टाकीतलं तेल, पक्कड, ट्रॉली, सोबतचा माणूस सगळं जागेवर आहे ना हे बघायची सवय पोरांना तिथून लागते. चांगल्या कारागिराचं काम त्याच्या तयारीत दिसतं, हे त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या ओट्यावर लवकर पटतं. शिवाय पोटही भरतं.

मनमाड रस्त्याने जाताना तुम्हाला सवड असेल तर नागापुरात तीनच्या थोडं आधी थांबा. कुठल्याही जुन्या हॉटेलासमोर कढई तापलेली दिसेल. ताटातला वडा मागू नका, घाणा पडेपर्यंत उभे राहा. पार्सल घेऊ नका, बंद पिशवीतल्या वाफेने कवच मऊ पडतं. फाटकातून सुटलेल्या माणसांबरोबर बाकड्यावर जागा करून घ्या, हातात आला की लगेच खा आणि शेजारच्याला विचारा, कुठल्या कंपनीत, कुठलं गाव. तो सांगेल. वडापाव संपेपर्यंत त्याच्याकडे तेवढा वेळ नक्की असतो.